शैवालाचा कार्बन : लाभ कोणाचा, भार कोणावर?

अटलांटिक महासागराच्या उष्ण पट्ट्यात २०२५ च्या मे महिन्यात सुमारे पावणेचार कोटी टन सरगॅसम शैवाल तरंगत असल्याचे अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांकडून मिळालेल्या चित्रांच्या आधारे सांगितले. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. हे शैवाल वाऱ्याने आणि प्रवाहाने कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या, मेक्सिकोच्या आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर येऊन पडते, कुजते आणि तेथील लोकांचे जिणे कठीण करून सोडते. याच काळात विज्ञानविषयक नियतकालिकांतून दुसऱ्या प्रकारची वार्ता वारंवार येऊ लागली आहे. समुद्रातील शैवाल वाळवून, हवा न लागू देता भाजले तर त्यापासून वीज साठविण्याच्या साधनांत उपयोगी पडणारा कार्बन मिळतो, अशी ती वार्ता आहे. सूर्याच्या आणि वाऱ्याच्या शक्तीवर वीज निर्माण करू पाहणाऱ्या जगापुढे ती साठवून ठेवण्याचा प्रश्न उभा आहे. दुसरीकडे कोणालाही नको असलेला कच्चा माल किनाऱ्यावर फुकट येऊन पडत आहे. तेव्हा या दोन प्रश्नांनी एकमेकांना सोडवावे, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे.

ही कल्पना खोटी नाही. तिच्यामागे दोन दशकांचे प्रामाणिक संशोधन आहे आणि त्यात पुण्याच्या शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. परंतु प्रयोगशाळेत जे साधते ते किनाऱ्यावर साधण्यासाठी बराच पल्ला गाठावा लागतो, आणि तो कोणाच्या खर्चाने गाठावयाचा हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते राज्यकारभारात ठरते. त्याचा विचार आधी झाला नाही, तर संकटातून संपत्ती निर्माण करण्याच्या नावाखाली ते संकट टिकून राहण्यातच काहींचे हितसंबंध गुंतण्याचा धोका आहे.

समुद्रावरचे कुरण

सरगॅसम हे काही अलीकडे उपजलेले शैवाल नव्हे. कोलंबस १४९२ साली पश्चिमेकडे निघाला तेव्हा त्याच्या जहाजांना या शैवालाचे मोठमोठे तांडे लागले होते. पोर्तुगीज खलाशांनी त्याला दिलेल्या नावावरूनच बर्म्युडा बेटाभोवतालच्या सागराला सरगॅसो समुद्र म्हणतात. या शैवालाला मूळ नसते आणि तळाचा आधारही लागत नाही; द्राक्षाच्या मण्यांसारख्या हवेच्या लहान लहान फुग्यांवर ते आयुष्यभर तरंगत राहते. खुल्या समुद्रात ते उपकारकच आहे. कासवांची पिल्ले, मासे, खेकडे यांना त्याच्या आश्रयाने अन्न आणि आसरा मिळतो. तेव्हा परदेशातून येऊन देशी वनस्पतींना हुसकावून लावणाऱ्या जातींत त्याची गणना शास्त्रशुद्ध अर्थाने करता येणार नाही. त्याचे आक्रमण आहे ते संख्येचे आणि नव्या ठिकाणांचे.

हे आक्रमण २०११ साली सुरू झाले. त्या वर्षी पूर्व कॅरिबियन बेटांवर आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पूर्वी कधी न पाहिलेल्या प्रमाणात शैवाल येऊन पडले. त्यानंतर, २०१३ चा अपवाद सोडल्यास, उष्ण अटलांटिकमध्ये दरवर्षी त्याचा पट्टा निर्माण होत आला आहे. २०१८ च्या जूनमध्ये हा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्यात दोन कोटी टनांहून अधिक शैवाल होते. २०२५ चा आकडा त्याहूनही बराच मोठा आहे.

असे का घडले, याविषयी शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील वाऱ्यांची घडी विस्कटली आणि सरगॅसो समुद्रातील शैवाल दक्षिणेकडे लोटले गेले, असे एक मत आहे. एकदा दक्षिणेस आल्यावर त्याला पोसले कोणी, हा पुढचा प्रश्न. ॲमेझॉनसारख्या नद्यांतून वाहून येणारी खते आणि मैला हे एक कारण सांगितले जाते. १९८० च्या दशकातील नमुने २०१० नंतरच्या नमुन्यांशी ताडून पाहिले असता शैवालातील नायट्रोजनचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे. याउलट २०२५ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रवाळांच्या अभ्यासावरून असे मत मांडले की, विषुववृत्तानजीक खोल पाण्यातून वर येणारे फॉस्फरस आणि हवेतील नायट्रोजन बांधणारे सूक्ष्मजीव यांचा यात मोठा हात आहे. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. दोष नद्यांतील खतांचा असेल तर खंडांवरील शेतीकडे आणि शहरांकडे बोट दाखविता येते; वाऱ्यांचा व प्रवाहांचा असेल तर बदलत्या हवामानाचा विचार करावा लागतो. मात्र दोन्ही पक्षी एक गोष्ट निश्चित आहे. ज्या बेटांवर हे शैवाल येऊन पडते, त्यांनी हे संकट ओढवून घेतलेले नाही.

संकटाचे स्वरूप पर्यटकांच्या गैरसोयीपुरते मर्यादित नाही. किनाऱ्यावर साचलेले शैवाल दोन दिवसांत कुजू लागते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू निघतो. २०१८ साली ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांवर या वायूची बाधा झाल्याच्या संशयाने वैद्यकीय मदत घेतलेल्यांची संख्या अकरा हजारांवर गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये बार्बाडोस सरकारला राष्ट्रीय आणीबाणी पुकारावी लागली. २०२२ मध्ये सेंट क्रोई बेटावर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रणेच्या तोंडाशी शैवाल अडकले, पिण्याच्या पाण्याचे हाल झाले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना तेथे आणीबाणी मान्य करावी लागली. मेक्सिकोने २०१९ मध्ये हे काम आपल्या नौदलाकडे सोपविले. कॅरिबियन प्रदेशात एकट्या २०१८ साली सफाईवर सुमारे बारा कोटी डॉलर खर्च झाल्याचा अंदाज आहे. ज्यांची सारी मिळकत पर्यटनावर आणि थोड्याशा मासेमारीवर चालते, अशा देशांना हा खर्च दरसालचा होऊन बसला आहे.

कोळशातील विद्या

आता दुसरी बाजू पाहू. लोणारी लाकडे रचून, मातीने झाकून, हवा कोंडून कोळसा पाडतो, त्याच तत्त्वावर हा कार्बन तयार होतो. फरक एवढाच की, भट्टीतील तापमान, वायू आणि वेळ यांवर येथे काटेकोर नियंत्रण असते. वनस्पतीतील पाणी आणि वायुरूप द्रव्ये निघून जातात आणि मागे राहिलेल्या कार्बनमध्ये डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. वीज साठविण्याच्या दृष्टीने या छिद्रांना मोल आहे. सुपरकपॅसिटर या साधनात विद्युत्भारित कण कार्बनच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. पृष्ठभाग जितका अधिक, तितकी साठवण साधारणतः अधिक. हे साधन काही सेकंदांत भरते, काही सेकंदांत रिते होते आणि लाखो वेळा वापरले तरी थकत नाही. पण एका किलो वजनामागे लिथियम बॅटरी जेवढी वीज साठविते, तिच्या लहानशा अंशाएवढीच ते साठवू शकते. झटक्याने वीज देण्याघेण्याच्या कामी ते उपयोगी आहे. रात्रभर गाव उजळण्याच्या कामी नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेले संशोधन येथे आठवते. झाडाखाली पडलेल्या कडुनिंबाच्या वाळक्या पानांची पूड भाजून त्यांनी कार्बन मिळविला. त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग सुमारे १,२३० चौरस मीटर भरला. म्हणजे चिमूटभर काजळीच्या पोटात बारा गुंठे जमीन सामावली होती. त्यासाठी वेगळी रसायने वापरावी लागली नाहीत, हे त्यातील वैशिष्ट्य. पानांतील क्षारांनीच छिद्रे पाडण्याचे काम केले. समुद्री शैवालाची महती काहीशी अशाच गुणांत आहे. २००६ साली फ्रान्समधील संशोधकांनी शैवालातून निघणाऱ्या अल्जिनेट या पदार्थापासून कार्बन तयार केला. त्याचा पृष्ठभाग फार मोठा नव्हता, ग्रॅममागे तीनशे चौरस मीटरहून कमीच होता. तरीही त्याची विद्युत्धारणा उत्तम भरली, कारण त्यात ऑक्सिजनचे अणू योग्य प्रकारे गुंफलेले राहिले होते. पुढे त्याच संशोधकांनी सबंध शैवालच भाजून हा गुण पडताळून पाहिला. सरगॅसमवरील आजचे प्रयोग या वाटेनेच चालले आहेत.

सुपरकपॅसिटरहून मोठी आशा सोडियमच्या बॅटरीविषयी आहे. लिथियमच्या बॅटरीत ऋण बाजूस ग्रॅफाइट वापरतात. बॅटरीसाठी लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या प्रक्रियेवर चीनची जवळजवळ मक्तेदारी आहे आणि डिसेंबर २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर त्या देशाने परवान्यांचे निर्बंध लागू केले. सोडियम मिठातच असल्यामुळे त्याची टंचाई कोणालाच नाही. पण त्याचे कण ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरत नाहीत. त्यांना हवा असतो तो वेड्यावाकड्या थरांचा, अधिक तापमानात तयार केलेला, ज्याला हार्ड कार्बन म्हणतात तो. हा कार्बन वनस्पतींपासून उत्तम तयार होतो. पुण्याच्याच केपीआयटी या कंपनीने तेथील आयसर या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे वनस्पतीपासून कार्बन हा विषय आपल्याकडे परका राहिलेला नाही. तेव्हा त्याची पारख करणेही आपल्याला जमले पाहिजे.

शंभर टनांचा हिशेब

ती पारख साध्या अंकगणितापासून सुरू करावी. किनाऱ्यावरून शंभर टन ओले शैवाल उचलले तर त्यातील ऐंशी ते नव्वद टन पाणीच असते. वाळवून पंधरा टन उरले असे धरू. त्यात मीठ आणि इतर क्षारांचा भाग मोठा असतो. तो एक तृतीयांश मानला तरी जळण्याजोगे द्रव्य दहा टन राहते. ते भट्टीत घातले की बहुतेक भाग वायू आणि डांबर होऊन निघून जातो आणि हाती फार तर तीन टन कार्बन लागतो. छिद्रे वाढविण्यासाठी त्यावर कॉस्टिक पोटॅशची प्रक्रिया केली तर त्यातलाही काही भाग खर्ची पडतो, आणि हे पोटॅश कार्बनच्या दुप्पट ते चौपट वजनाचे लागते. नंतर ते सर्व धुऊन काढावयाचे. धुण्यास गोडे पाणी हवे, आणि गोड्या पाण्याचीच तर या बेटांवर वानवा आहे.

या हिशेबात वाळू धरलेली नाही. यंत्राने शैवाल उचलले की त्याबरोबर किनाऱ्याची वाळू निघते, किनारा झिजतो आणि कासवांची घरटी उद्ध्वस्त होतात. हाताने उचलावे तर मजुरी वाढते. समुद्रातच आडवून उचलावे तर खास नौका लागतात. शिवाय हे पीक ठरलेल्या वेळी येत नाही. एका आठवड्यात एखादे उपसागर भरून जाते आणि पुढे महिनाभर काही येत नाही. एक वर्ष सुगीचे, तर दुसरे बेताचे. भट्टी मात्र बारा महिने पेटती राहिली तरच परवडते.

याउलट नारळाच्या करवंटीकडे पाहावे. सुपरकपॅसिटरमध्ये आज वापरला जाणारा कार्बन मोठ्या प्रमाणावर करवंटीपासूनच तयार होतो. ती कठीण असते, कोरडी असते, तिच्यात राख कमी असते आणि वर्षभर एकाच प्रतीची मिळते. कारखानदाराला विचारले तर तो शैवालापेक्षा करवंटीच पसंत करील, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. प्रयोगशाळेत ग्रॅमच्या तराजूवर शैवाल करवंटीला मागे टाकू शकेल. टनाच्या तराजूवर ते अजून सिद्ध व्हावयाचे आहे.

याहून अवघड प्रश्न विषाचा आहे. सरगॅसम समुद्रातील आर्सेनिक शोषून घेते. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील नमुन्यांच्या तपासणीत, जनावरांच्या खाद्यासाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक असलेले नमुने ८६ टक्के निघाले. मार्टिनिक व ग्वादलूप येथे त्यात आणखी भर पडते. तेथील केळीच्या मळ्यांवर १९७२ ते १९९३ या काळात फवारलेले क्लोरडेकोन हे कीटकनाशक अजून मातीत आहे, ते समुद्रात उतरते आणि किनाऱ्यालगत आलेले शैवाल ते धरून ठेवते. कार्बन करण्याच्या बाजूने येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खत किंवा जनावरांचे खाद्य करण्यापेक्षा बॅटरीचा कार्बन करणे या दृष्टीने बरे, कारण तो कोणाच्या पोटात जात नाही. पण भट्टीत घातल्याने आर्सेनिक नाहीसे होत नाही. ते धुराबरोबर जाईल, राखेत राहील किंवा धुण्याच्या पाण्यात उतरेल. या तिन्ही वाटांची राखण केली नाही, तर समुद्राचे विष आपण आपल्या हाताने जमिनीवर आणून ठेवू.

आणखी एक विसंगती ध्यानात घ्यावी. ज्या वस्तूंना भाव चांगला मिळतो त्यांचा खप मर्यादित असतो, आणि ज्यांत शैवाल भरपूर खपेल त्यांना भाव मिळत नाही. उत्तम कार्बनचे मोल मोठे, परंतु सुपरकपॅसिटरचा बाजार लहान. मेक्सिकोत या शैवालाच्या विटा पाडण्याचे प्रयत्न झाले, बार्बाडोसच्या केव्ह हिल येथे वेस्ट इंडीज विद्यापीठातील संशोधकांनी रम गाळण्याच्या भट्टीतील सांडपाणी आणि शैवाल यांपासून मोटारीसाठी वायू तयार केला. या वाटांनी शैवाल अधिक खपेल, पण त्यांची कमाई माफक आहे. एका चमत्काराने किनारे स्वच्छ होतील, ही आशा म्हणूनच सोडून दिली पाहिजे. कार्बन हा सफाईच्या खर्चातला काही भाग भरून काढील. सफाईचा सारा खर्च तो उचलू शकणार नाही.

रोगावर पोसलेला धंदा

समजा, उद्या तंत्र सुधारले आणि हा धंदा किफायतशीर झाला. मग काय होईल? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात सापडते. शोभेची वनस्पती म्हणून बंगालमध्ये आलेली जलपर्णी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील नद्यानाल्यांतून माजली. होड्या अडल्या, भातशेती बुडाली. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे पोटॅश बंद झाले तेव्हा जलपर्णीच्या राखेतून पोटॅश काढावे, अशी कल्पना पुढे आली आणि सरकारी शेतकी खात्याने तिचा अभ्यासही केला. नको असलेल्या वनस्पतीचा उपयोग करावा की नायनाट करावा, हा वाद तेव्हाचाच. जलपर्णी मात्र वाढतच राहिली, आणि अखेरीस १९३६ साली बंगालला कायदा करून ती आपल्या जागेत ठेवण्यास मनाई करावी लागली. उपयोगाच्या आशेने उपाय लांबणीवर पडतो, हा त्यातील धडा आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि समुद्रातलेच आहे. कप्पाफायकस हे शैवाल मूळचे आपल्या किनाऱ्याचे नव्हे. त्यापासून निघणारा कॅराजीनन हा पदार्थ खाद्यपदार्थ घट्ट करण्यासाठी वापरतात, म्हणून तमिळनाडूच्या मंडपम परिसरात त्याची लागवड सुरू झाली आणि किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांना त्यातून रोजगारही मिळाला. पुढे २००८ साली मन्नारच्या आखातातील कुरुसडी बेटाजवळ हेच शैवाल जिवंत प्रवाळांवर पसरत असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. एखाद्या वनस्पतीवर माणसांची पोटे अवलंबून राहिली की तिच्याविरुद्ध बोलणे कठीण होते. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. उपजीविकेचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

युरोपीय संघाने या बाबतीत केलेला कायदा म्हणूनच अभ्यासण्याजोगा आहे. वायव्य पॅसिफिकमधील रुगुलॉप्टेरिक्स ओकामुरे नावाचे शैवाल २०१५ मध्ये जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दिसले आणि थोड्याच वर्षांत त्याने स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मच्छीमारांची जाळी भरून टाकली. २०२२ साली युरोपीय संघाने त्याचा समावेश आक्रमक परकीय जातींच्या यादीत केला. या यादीतील जातींची वाहतूक, विक्री आणि वापर करण्यास बंदी आहे. तथापि जी जात पसरून बसली आहे, तिच्या नियंत्रणाचाच एक भाग म्हणून, तात्पुरती आणि कडक देखरेखीखाली, तिचा व्यापारी उपयोग करण्यास मुभा देता येते. संशोधकांना आणि उद्योजकांना हा नियम जाचक वाटतो, हे खरे. पण त्यातील तत्त्व योग्य आहे. आधी नियंत्रण, आणि त्या ओघात उपयोग. हा क्रम उलटा होता कामा नये.

सरगॅसमला हा कायदा लागू नाही, कारण ते अटलांटिकचेच आहे. मेक्सिकोने तर २०२५ मध्ये त्याला मत्स्यसंपत्तीत स्थान दिले. त्यामागचा हेतू ते समुद्रातच गोळा करता यावे असा आहे आणि तो गैर नाही. परंतु ज्या दिवशी कचऱ्याला संपत्ती हे नाव मिळते, त्या दिवशी ते कमी होण्यात सर्वांचेच हित राहत नाही, याचे भान ठेवलेले बरे.

साखरेची आठवण

कॅरिबियन बेटांच्या बाबतीत या प्रश्नाला इतिहासाची एक जड बाजू आहे. सतराव्या शतकापासून ही बेटे युरोपची साखरेची वखार होती. गुलामांच्या श्रमावर ऊस पिकला, कच्ची साखर जहाजांत भरून गेली, तिच्यावरची पुढील प्रक्रिया आणि मोठा नफा इतरत्र झाला. माती मात्र बेटांची झिजली. शैवालाच्या बाबतीत हेच पुन्हा घडणे अशक्य नाही. ओले शैवाल उचलण्याची मजुरी बेटांनी सोसावी, आर्सेनिकयुक्त राख त्यांच्या जमिनीत पुरावी, आणि वाळवलेला माल दूरच्या देशांतील कारखान्यांत जाऊन बॅटरीच्या रूपाने चढ्या किमतीस परत यावा, अशी व्यवस्था बाजाराच्या नियमाने सहज उभी राहील. तिला हरित उद्योग म्हटल्याने तिचे स्वरूप बदलणार नाही.

म्हणून काही गोष्टी आरंभीच ठरवून घेतल्या पाहिजेत. पहिली, सफाईचा खर्च कार्बनच्या विक्रीवर अवलंबून ठेवू नये. वायूने गुदमरणाऱ्या वस्तीला बाजारभाव वाढण्याची वाट पाहावयास लावणे अमानुष होईल. हा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, आणि ज्यांच्या नद्यांनी, धुराड्यांनी या संकटाला हातभार लावला त्या मोठ्या राष्ट्रांनी त्यात आपला वाटा उचलावा. दुसरी, निदान वाळविणे आणि पहिला कोळसा पाडणे हे काम बेटांवरच व्हावे. त्यामुळे वाहतुकीचे वजन घटते आणि कौशल्य व रोजगार तेथे राहतात. केव्ह हिलच्या प्रयोगाचे महत्त्व तेथील विद्यापीठाने आपला प्रश्न आपल्या साधनांनी हाताळला, यात आहे. तिसरी, प्रत्येक प्रकल्पाने आर्सेनिक कोठे गेले याचा हिशेब जाहीर करावा. चौथी, सफाईच्या मानाने भट्टीची क्षमता बेताची ठेवावी, म्हणजे एखाद्या वर्षी शैवाल कमी आले तर कोणाला दुःख होणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, एवढ्या अटी घातल्या तर कोणीही भांडवल गुंतविणार नाही आणि शैवाल किनाऱ्यावर कुजतच राहील. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. आज कुजत असलेल्या शैवालाचा थोडासा उपयोग झाला तरी तो लाभच आहे, आणि संशोधनाला उत्तेजन मिळालेच पाहिजे. परंतु अटींवाचून आलेले भांडवल अटींवाचून निघूनही जाते. साखरेचा भाव पडला तेव्हा या बेटांनी ते अनुभवले आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा सारा प्रश्न फार दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुळा-मुठा, पवना, पंचगंगा यांच्या पात्रांत उन्हाळ्याच्या सुमारास जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, महापालिका तो काढण्याची कंत्राटे देतात आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा पसरतो. जलपर्णीच्या टोपल्या विणाव्यात, वायू करावा, कार्बन करावा, अशा सूचना आपल्याकडेही होत असतात आणि त्या ऐकण्यासारख्या आहेत. तथापि ती वाढते ती शहरांनी नदीत सोडलेल्या मैल्यावर. कॅरिबियन बेटांना आपले शैवाल कोठून आले हे शोधावे लागते. आपल्याला जलपर्णीचे मूळ शोधण्यासाठी उपग्रहाची गरज नाही. पुण्याच्या प्रयोगशाळांनी वाळक्या पानांतून कार्बन काढून दाखविला, याचा अभिमान अवश्य धरावा. नदीकाठच्या महापालिकांनी मात्र आधी आपले मैलापाणी शुद्ध करावे, आणि त्यानंतर जी जलपर्णी उरेल तिचा कार्बन करावयास घ्यावा.